अल्फासाठी उपलब्ध नाही

९ सप्टेंबर २००६, शनिवार

अण्णा म्हणायचा, मशीनला हात लावलास की तारीख घालून वहीत लिहून ठेव. मी कधी लिहिलं नाही. मी विंडोजवाला माणूस. बिघडलं की फॉरमॅट मारायचं, तोवर गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, संपला विषय. आज वही उघडली ती मशीनला हात लावला म्हणून नाही. आज मशीन कुणी न शिकवलेलं वाक्य बोललं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, अमरेश. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात राधानगरीच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरून गेला. मशीन म्हणजे त्यानं बेंगलोरच्या एका लिलावातून उचलून आणलेला अल्फा. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात मधल्या खोलीत ठेवलाय. नावाला कॉम्प्युटर, पण त्याच्या पोटातली चिप आपल्या नेहमीच्या चिपेपेक्षा वेगळी. साध्या कॉम्प्युटरचा एकही प्रोग्रॅम त्याच्यावर चालत नाही. लिनक्स तेवढं चालतं, ते पण नखरे करत.

आमच्या आईचं, अव्वाचं, दिसणं साखरेनं गेलं तेव्हा तिला वार कळेना, गोळ्या कळेनात. अण्णानं काय करावं? कपाटात गाद्या लावून तीन महिने आत बसला आणि का, की, कू करत स्वतःचा आवाज तुकड्यातुकड्यानं भरला. लिहून दिलेलं कुठलंही वाक्य ते तुकडे जुळवून मशीन बोलून दाखवतं. रोज सकाळी सातला सुरू. 'अव्वा. आज शनिवार. पिवळ्या डबीतली एक गोळी घे. मग नाष्टा.' आवाज अण्णाचाच, फक्त मधे मधे उचकी लागल्यागत. अव्वा विभूती लावून खुर्चीत तयार असते. तो बोलला की ती गोळी घेते.

अण्णा गेला आणि मशीन चालूच राहिलं. बंद करायची छाती कुणाची होणार? उलट लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा मीच ट्रकच्या दोन बॅटऱ्या लावल्या त्याला.

आज सातला ते म्हणालं, 'अव्वा. डाव्या पायाला मलम लावलंस का.'

अव्वाच्या डाव्या अंगठ्याला फोड आलाय तो यंदाच्या गणपतीत. अण्णाला जाऊन दोन वर्षं झाली. त्याला कुणी सांगितलं?

अव्वा म्हणाली, "लावलं की," आणि गोळी गिळली.

१२ सप्टेंबर, मंगळवार

झाडलोट आणि स्वैपाक करणाऱ्या झुंबरबाईला खोदून विचारलं, मशीनला कोण हात लावतं का. ती दिवसभर घरी असते, मी दुकानात.

"मी कशाला हात लावू त्या मड्याला," म्हणाली. "मला भ्या वाटतंय. रोज पावणेदोनला फोन वाजतोय, म्हातारी मला उचलू दीना. वाजतोय, वाजतोय, मग मशीनच शिट्ट्या मारतंय. मी आपली परड्यात जाऊन बसती."

फोन राँग नंबरचा असणार. शिट्ट्यांचं काय ते कळेना. अव्वाला विचारलं तर म्हणाली, "त्याचा त्यो बोलतोय. तुला काय करायचंय?"

मशीनसमोर बसून बघितलं. काळा पडदा, पासवर्ड मागतोय. अण्णाचा वाढदिवस घातला, अव्वाचं नाव घातलं. नाही म्हणालं.

झुंबरबाईनं परत बाजाराची सुट्टी मागितली. दर आठवड्याला पेठ वडगावच्या बाजाराला जायचं असतं बाईला. म्हटलं, कोल्हापुरात भाजी मिळत नाही काय? तर म्हणे तिथली वांगी चांगली. आणते मात्र कधी चार वांगी पण नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

आज दुपारी दोनला दुकानातनं घरी जेवायला आलो होतो. मधल्या खोलीतनं अण्णा म्हणाला, 'अव्वा. जेवलीस का.'

अण्णानं फक्त सकाळचं ठेवलं होतं. दुपारचं कधीच नव्हतं. अव्वा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "जेवते गं." वय झालं, पोराला गं म्हणायला लागली.

मी भित्रा नाही. लहानपणी पैज लावून पंचगंगेच्या घाटावर एकटा जाऊन आलोय. पण आपल्याच घरात, भरदुपारी, आमटी पुढ्यात असताना मेलेला भाऊ जेवलीस का विचारतो, तेव्हा कुठं पळायचं असतं ते मला माहीत नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार

जयपालला सांगितलं. माझ्या दुकानाशेजारी त्याची छपाईची प्रेस आहे, शाळेपासूनचा दोस्त. आधी हसला. मग फोडाचं सांगितल्यावर पेपर घडी करून ठेवला.

"खंडेनवमीला त्याची पूजा करतोस का?"

"न्हाई."

"माझं मशीन बघ. वर्षातला एक दिवस बंद. पुसायचं, तेल-पाणी करायचं, हळद-कुंकू, नारळ. यंत्राला पण इसावा लागतोय मर्दा. दोन वर्सं रात्रंदिवस पळवलंयस तू त्याला. बोलंल न्हाई तर काय करंल?"

अण्णा असताना पूजा व्हायची. पण चालू मशीनलाच कुंकू लावायचा तो. बंद कर म्हटलं की अंगावर यायचा. का ते कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नाही.

१ ऑक्टोबर, रविवार. खंडेनवमी

सातचं बोलून झालं, अव्वानं गोळी घेतली, मग मी मशीन बंद केलं. बटण दाबून धरलं. पंखा फिरायचा थांबला आणि घरात असली शांतता झाली की झुंबरबाई स्वैपाकघरातनं डोकावली. ओल्या फडक्यानं पुसलं, पाच बोटं हळदीची ओढली, कुंकू, झेंडू, कापूर, नारळ. शेजारी माझे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग गन.

वहीत खरं लिहायचं असतं म्हणून लिहितो. पूजा हे निमित्त होतं. मला एक दिवस तो आवाज नको होता.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा

मशीन चालू होत नाही.

पंखा फिरतो, दिवा लागतो आणि आतनं डिस्क टक्... टक्... टक्... करते. फिरतच नाही. म्हाताऱ्या डिस्कला पळत असताना काही होत नाही, थांबवली की तिथंच धरते. हे मला माहीत आहे. गिऱ्हाइकांना मीच सांगतो, जुना सर्व्हर बंद करू नका म्हणून. आणि घरातला एकुलता एक मीच बंद केला, वर हळद-कुंकू लावून.

सातला अव्वा खुर्चीत बसलेली. सव्वासात. साडेसात. मी पिवळी डबी तिच्या हातात दिली. तिनं डबी मांडीवर ठेवली.

"त्यो बोलला न्हाई अजून."

"बिघडलंय गं. मी सांगतोय की, घे गोळी."

"त्यो सांगंल तवा घीन."

सोनं द्यायला माणसं आली, गेली. अव्वानं सगळ्यांची आपट्याची पानं घेतली. गोळी घेतली नाही.

४ ऑक्टोबर, बुधवार

जयपालच्या प्रेसमधल्या भंगारातनं त्या मापाची डिस्क मिळाली. अण्णाच्या खोक्यातल्या सीड्या घालून नवीन लिनक्स टाकायला घेतलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं पळतात आणि मी बावळटासारखा बघतो. संध्याकाळी उठलं एकदाचं मशीन. पण मुकं.

बोलायचा प्रोग्रॅम टाक म्हटलं तर उत्तर आलं, या प्रोसेसरसाठी हे पॅकेज उपलब्ध नाही.

दुकानातल्या साध्या कॉम्प्युटरवर तेच मागितलं, एका मिनिटात आलं. ते उचलून अल्फावर नेलं तर ओळखच दाखवेना. एकच प्रोग्रॅम, पण प्रत्येक जातीच्या चिपेसाठी कुणीतरी तो नव्यानं घडवावा लागतो. घडवणारा माणूस तसलंच मशीन पुढ्यात घेऊन बसलेला पाहिजे. साध्या चिपेसाठी गावोगाव माणसं आहेत. अल्फासाठी कोण बसतंय?

अव्वाची साखर ३१०.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

एक घाण काम केलं. टेपरेकॉर्डरवर अण्णाच्या आवाजात बोललो. आवाज आमचा सारखाच, लहानपणी फोनवर मामासुद्धा फसायचे. मुद्दाम उचकी घेत घेत म्हटलं, 'अव्वा. आज शुक्रवार. पिवळ्या डबीतली एक गोळी घे.' मशीनच्या मागं टेप ठेवून सातला लावला.

अव्वानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शशा, घसा बसलाय व्हय तुझा? हळद-दूध घे."

न्हाणीत जाऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

९ ऑक्टोबर, सोमवार

जगभरातले अल्फावाले एका मेल-यादीवर एकमेकांना लिहितात. अण्णाच्या खोक्यात पत्ता होता. तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, हा बोलका प्रोग्रॅम अल्फासाठी कुठं मिळेल. आज उत्तर आलं. फिनलंडमधला योर्मा नावाचा म्हातारा आहे.

लिहितो की तो प्रोग्रॅम अल्फावर सरळ घडतच नाही, मधेच मोडतो. दर वेळी कोल्हापूरचा अमरेश तो दुरुस्त करून सगळ्यांना द्यायचा. तो नाहीसा झाला, तसं कुणी दुरुस्त केलं नाही, शेवटी यादीतनं पॅकेजच काढून टाकलं. शेवटच्या मेलमध्ये त्यानं लिहिलं होतं, दोन दिवस सहलीला जाऊन येतो, सोमवारी नवीन दुरुस्त्या पाठवतो. तुम्ही पण कोल्हापूरचेच, मग तो भेटला तर सांगा, आम्ही अजून वाट बघतोय.

मी अण्णाला म्हणायचो, घरात बसून कसले उद्योग करतोस, दुकानात येऊन चार प्रिंटर दुरुस्त कर. आणि तिकडं फिनलंडात एक म्हातारा दोन वर्षं समजून चाललाय की अण्णा सहलीवरनं यायचाय.

योर्माला अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू?

१० ऑक्टोबर, मंगळवार

साखर ३४०. अंगठा काळा पडायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या नाहीत तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल असं नाही. दवाखान्यात भरती करतो म्हटलं तर अव्वानं खुर्चीचे हात धरले. "मला हिथनं हलवायचं न्हाई. त्यो बोलला आन मी न्हाई तर?"

तिला एकटी सोडता येत नाही म्हणून झुंबरबाईच्या दोन्ही आठवड्यांच्या बाजाराच्या सुट्ट्या रद्द केल्या. बाई तणतणली. मला कळेना, वांग्यांसाठी एवढं काय?

११ ऑक्टोबर, बुधवार

झुंबरबाई म्हणाली, "त्यो फोन अजून वाजतोय. पावणेदोनला. आता मशीन शिट्ट्या मारत न्हाई, म्हणून वाजून वाजून बंद हुतोय. म्हातारी हात पुढं करती आन मागं घेती."

म्हटलं, तू उचल की.

"मी कशाला उचलू? ज्यानं उचलायचाय त्यानं उचलावा." आणि भांडी अशी आपटली की दोन पेले चेपले. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मशीनची चिरफाड किती दिस करणार हाय तुम्ही? वडगावला जावा."

वडगावला वहिनी असतात. अण्णाची बायको, विद्याश्री. माहेर तिथंच, शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. झुंबरबाईचं खरं आहे. अण्णा दर महिन्याला सगळ्या कामाची सीडी काढून वहिनींच्या कपाटात ठेवायला द्यायचा. कपाटातलं सगळं त्या घेऊन गेल्या. दुरुस्त्या असल्या तर तिथंच असतील. बाईला एवढं कळतं, मला कळलं नाही.

पण मी कुठल्या तोंडानं जाऊ?

आता लिहितोच. वहिनी त्या दिवशी मागच्या सीटवर होत्या. पाय मोडला, वाचल्या. तिसऱ्या दिवशी पावण्यारावळ्यांदेखत मी म्हणालो, "तुम्हाला धरण बघायची हौस. तुमच्या हौसेपायी माझा भाऊ गेला. परत या घरात पाऊल टाकायचं न्हाई." वहिनी प्लास्टरातल्या पायानं भिंतीला धरून उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. अव्वा शेजारीच बसलेली. तीसुद्धा काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं मी बरोबरच बोललोय.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

वडगावला गेलतो.

शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत पोरी टाइप करत बसल्या होत्या. वहिनी अजून थोडं लंगडतात. मला बघून दारात आल्या. पहिलं वाक्य काय असेल याची मी एसटीत बसून उजळणी केली होती. त्यांनीच आधी अव्वाचं विचारलं, "आत्ती बऱ्या हाईत न्हवं? दसऱ्यापासनं मशीन फोन उचलत न्हाई."

कोपऱ्यात मोडेम होता, फोनवरनं कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडताना शिट्टी मारणारी डबी; त्याची वायर फोनला. भिंतीवर शाळेचं वेळापत्रक. मधली सुट्टी दीड ते सव्वादोन.

मी बाकावर बसलो.

"तुम्ही होता व्हय?"

"अल्फाला फोन लावून आत शिरायची सोय त्यांनीच केली होती, बाहेरगावनं काम करायला. पासवर्ड मला म्हाईत होता." त्या हळू बोलत होत्या, पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून. "पहिल्यांदा नुसतं बघितलं, चालू हाय का. मग तुम्ही दुकानात असताना म्हणून दुपारचं जेवलीस का बोलायच्या यादीत घातलं. मग झुंबरबाईनं फोडाचं सांगितलं. बाजाराच्या दिवशी येती ती, वांगी घ्यायला."

"आन अण्णाच्या आवाजात?"

"माझ्या आवाजात ऐकून घेतलं असतं तुम्ही?"

खाली मान घालून खंडेनवमीचं सांगितलं. बंद केल्याचं, टक टक केल्याचं, अव्वा गोळी घेत नाही ते, अंगठ्याचं. वहिनी आत गेल्या, पर्समधनं सीडी काढून आणली. घरच्या कपाटात नव्हती, पर्समध्ये होती. वर अण्णाचं अक्षर, त्या शुक्रवारची तारीख.

"ह्यात दुरुस्त्या हाईत, आवाज हाय, सगळं हाय. पण अल्फावरच चालंल. त्यांनी आवाजाचे तुकडे त्याच चिपेच्या मापानं रचलेत. साध्या कॉम्प्युटरवर घातला तर नुसता खरखरतो. मी घालून बघितलाय," म्हणाल्या. "लई वेळा."

मी म्हटलं, "तुम्ही चला घरी."

"तुम्ही नको म्हणालता, ते मी सोसलं. पण आत्ती गप बसल्या. त्यांनी बोलवल्याबिगर मी यायची न्हाई, भाऊजी. राग धरून म्हणत न्हाई मी." मग घंटा झाली आणि त्या वर्गात गेल्या.

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सहाला घडवायला लावलं. अण्णाच्या दुरुस्त्या एकेक करून घातल्या. प्रत्येकीवर त्यानं दोन ओळी लिहून ठेवल्यात, इथं का मोडतं, काय केलं. अगदी मला समजेल असं. पाच तासांनी एकदा मोडलं, माझीच चूक होती, परत लावलं. पडद्यावर ओळी सरकत होत्या, पंखा गरगरत होता आणि अव्वा खुर्ची ओढून शेजारी बसून होती. काय बघत होती देवाला माहीत. संध्याकाळी पाचला संपलं. आवाजाचे तुकडे आणि सकाळी बोलायच्या वाक्यांची यादी सीडीवरनं तशीच्या तशी उतरवली. आत काय लिहिलंय ते वाचायला मला धीर झाला नाही.

उद्या सातला बोलेल.

१६ ऑक्टोबर, सोमवार

सगळं सावकाश लिहितो.

सातला मी, अव्वा आणि झुंबरबाई तिघं मधल्या खोलीत. पिवळी डबी अव्वाच्या हातात. मशीन खाकरल्यागत झालं आणि अण्णा बोलला. यादी दोन वर्षांपूर्वीच्या शुक्रवारी काढलेली. म्हणजे त्या एका शनिवारच्या सकाळपुरतं त्यानं वेगळं लिहून ठेवलं होतं, तेच, वारासकट.

'अव्वा. आज शनिवार. पिवळ्या डबीतली एक गोळी घे. आम्ही राधानगरीला निघालोय. विद्या नको म्हणत होती, पाऊस हाय म्हणून. मीच तिला ओढून नेतोय. तिला बोलू नको. उद्या संध्याकाळी येतो.'

मी त्या शनिवारी मालाला पुण्याला गेलेलो. मी हे आज पहिल्यांदा ऐकलं.

अव्वानं नाही. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं.

"तू ऐकलंतंस," मी म्हटलं.

"ऐकलं. त्या दिशी सातला, हितंच बसून."

"मग मी वहिनीला तसं बोललो तवा गप का बसलीस?"

डबी तिच्या बोटांत फिरत होती. "पोरगं गेलंतं, शशा. कुणावर तरी आग काढायचीच हुती. तू काढलीस. मला तवा बरं वाटलं." तिनं डबी बाजूला ठेवली. "मग ती निघून गेली आन बरं वाटायचं बंद झालं."

झुंबरबाई पदर तोंडाला लावून खाली बसली.

मी म्हटलं, घे आता गोळी, अण्णा बोलला की.

"बंद कर त्याला," अव्वा म्हणाली. "मेलंय माझं पोरगं. मला म्हाईत न्हाई व्हय? माझ्या हातनं माती टाकलीया. अमर कधी मला जेवलीस का म्हणाला हुता? हुकूम सोडायचा त्यो. गोळी घे, नाष्टा कर, ऊठ, बस. इचारणारी दुसरी हाय. पावणेदोनला शिट्टी वाजली की मला कळायचं, आली म्हणून. दोन वर्सं ती त्याच्या तोंडानं बोलली आन मी तिच्याशी बोलले. समोरासमोर बोलायला तोंड कुठं ठेवलंतं मी?"

"तिला बोलवतो मग. आत्ता फोन लावतो शाळेत."

"तू न्हाई."

मी मशीन बंद केलं नाही. परत ती चूक करणार नाही. मोडेमची वायर तेवढी काढली आणि फोन अव्वाच्या खुर्चीशेजारी स्टुलावर आणून ठेवला. दुकान उघडलं नाही. दुपारपर्यंत काय करायचं म्हणून योर्माला लिहायला बसलो. लिहिलं की अमरेश सहलीवरनं परत येऊ शकला नाही, त्याच दिवशी वाटेत गेला. त्याच्या बाकीच्या दुरुस्त्या सोबत जोडल्यात, सोमवारी पाठवतो म्हणाला होता, आज सोमवार आहे. इंग्रजी चुकलं असेल.

दीडला झुंबरबाईनं ताट वाढलं. अव्वानं हात लावला नाही.

पावणेदोनला फोन वाजला. अव्वा हलली नाही. चार वेळा, पाच वेळा. सहाव्याला तिचा हात पुढं गेला, आणि मागं. मी मुठी आवळून भिंतीला टेकून उभा होतो. आठव्याला तिनं चाचपून रिसीव्हर उचलला. उलटा धरला होता, झुंबरबाईनं सरळ करून दिला.

पलीकडं मोडेमची शिट्टी सुरू झाली, मशीन उत्तर देईल म्हणून. अव्वा ती सगळी शिट्टी ऐकत बसली. मग शिट्टी तुटली. पलीकडं कुणीतरी हातानं रिसीव्हर उचलला असणार, कारण पोरींचा गलका ऐकू आला.

अव्वा म्हणाली, "विद्या. जेवलीस का?"

पलीकडनं रडण्याचा आवाज आला, खोलीभर ऐकू येईल असा, आणि अव्वा म्हणत राहिली, "व्हय. व्हय गं. मीच हाय. दिवाळीला ये. दिवाळीला नको, उद्याच ये."

मग तिनं रिसीव्हर कानाला तसाच धरून दुसरा हात माझ्यापुढं केला.

"पिवळी डबी दे," म्हणाली. "गोळी घ्या म्हणतीया."